एका लितासला किती क्रोन? दोन लहान चलनांचा जुना दर कसा काढायचा

४ जानेवारी १९९९ रोजी लिथुआनियाच्या एका लितासचे एस्टोनियाचे ३.३२ क्रोन होत होते. २६ ऑक्टोबर २००० रोजी त्याच लितासचे ४.७४ क्रोन झाले. बावीस महिनेही उलटले नव्हते, तेवढ्यात लितास क्रोनच्या तुलनेत जवळजवळ ४३ टक्क्यांनी महागला. गंमत अशी की या काळात एस्टोनियाने क्रोनच्या दराला हात लावला नाही आणि लिथुआनियाने लितासच्या. दोन्ही चलनं आपापल्या खुंटीला घट्ट बांधलेली होती. हलल्या त्या खुंट्या.

दोन लहान चलनांचे जुने दर शोधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा इथेच अडखळतो. आलेखात उडी दिसली की तो त्या दोन देशांच्या बातम्यांत कारण शोधू लागतो, आणि कारण तिथे नसतंच. क्रोन आणि लितास यांचा दर म्हणजे बराच काळ युरो आणि डॉलर यांच्या दराचा आरसा होता. कोणता आरसा कधी लागू होता हे माहीत असेल तर या जोडीचा जवळजवळ संपूर्ण इतिहास कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो.

आधी थेट बाजार का नव्हता ते पाहू. ३० चलनांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा बाजार चालवायचा तर ४३५ बाजार लागतील. प्रत्येकात रोज खरेदीदार हवा, विक्रेता हवा. त्याऐवजी सगळ्यांनी एकाच मोठ्या चलनात व्यवहार केला तर २९ बाजारांत काम भागतं. म्हणून एस्टोनियाची राजधानी तालिन इथल्या व्यापाऱ्याला लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसला पैसे द्यायचे असले, तर बँक आधी क्रोन देऊन जर्मन मार्क, डॉलर किंवा पुढे युरो घेई आणि ते देऊन लितास. क्रोन-लितास असा जो दर छापला जाई तो या दोन पायऱ्यांचा हिशेब असे. यालाच क्रॉस रेट म्हणतात. लहान चलनांच्या बाबतीत हा हिशेब म्हणजेच दर, त्यामागे दुसरा कुठला ‘खरा’ दर लपलेला नसतो.

आता खुंट्या. एस्टोनियाने २० जून १९९२ रोजी रूबल सोडून क्रोन आणला. प्रत्येक रहिवाशाला १५०० रूबलपर्यंतची रोकड १० रूबलला १ क्रोन या दराने बदलून मिळाली. त्याच दिवशी क्रोन जर्मन मार्कला बांधला गेला: ८ क्रोन म्हणजे १ मार्क. ही बांधणी करन्सी बोर्ड पद्धतीची होती. म्हणजे तिजोरीत जेवढं परकी चलन आणि सोनं, तेवढेच क्रोन मध्यवर्ती बँक बाजारात आणणार. युरो आल्यावर वेगळा निर्णय घ्यावाच लागला नाही. १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, त्याला ८ ने गुणलं की १५.६४६६४, तोच आकडा सहा अंकांत बसवून १५.६४६६ क्रोन. क्रोनच्या शेवटच्या दिवसापर्यंत हा आकडा बदलला नाही.

लिथुआनियाचा रस्ता जरा वळणाचा. तिथे रूबलनंतर आधी तालोनास नावाचं तात्पुरतं चलन चाललं. २५ जून १९९३ ला लितास आला, १०० तालोनासला १ लितास. पहिले नऊ महिने तो तरंगत होता, म्हणजे कुठल्याच खुंटीला बांधलेला नव्हता. १ एप्रिल १९९४ पासून तोही करन्सी बोर्डाखाली आला, पण खुंटी निवडली डॉलरची: ४ लितास म्हणजे १ डॉलर. २ फेब्रुवारी २००२ ला त्यांनी खुंटी बदलली आणि लितास युरोला बांधला: ३.४५२८ लितास म्हणजे १ युरो.

हा ३.४५२८ कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे. १ फेब्रुवारी २००२, शुक्रवार. युरोपीय मध्यवर्ती बँकेने त्या दुपारी जाहीर केलेला संदर्भ दर होता १ युरो = ०.८६३२ डॉलर. ४ × ०.८६३२ = ३.४५२८. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लितासची जी किंमत होती, शनिवारी सकाळी नेमकी तीच राहिली. ना अवमूल्यन, ना अधिमूल्यन. खुंटी बदलताना कुणाच्याच खिशाला धक्का बसला नाही. फक्त सोमवारपासून लितास डॉलरबरोबर हलायचा थांबला आणि युरोबरोबर हलू लागला.

एवढ्या माहितीवर इतिहासाचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येकाचं सूत्र वेगळं आहे.

पहिला तुकडा एप्रिल १९९४ ते १९९८ अखेर. एका डॉलरचे जितके मार्क, त्याच्या आठपट क्रोन. एका डॉलरचे लितास चार. आठ भागिले चार, दोन. म्हणून एका लितासचे क्रोन = डॉलरचा मार्कमधला भाव गुणिले २. एवढं सुटसुटीत सूत्र चलनांच्या इतिहासात क्वचितच मिळतं. १९९५ च्या वसंतात डॉलर १.४० मार्कच्या खाली घसरला तेव्हा लितास २.८० क्रोनच्या खाली होता. ऑगस्ट १९९७ मध्ये डॉलर १.८५ मार्कच्या वर गेला, तेव्हा लितास ३.७० च्या वर. तालिन किंवा व्हिल्नियसच्या नोंदी न उघडता, फक्त फ्रँकफर्टचा डॉलर पाहून हे सांगता येतं.

दुसरा तुकडा जानेवारी १९९९ ते १ फेब्रुवारी २००२. इथे भागाकाराची दिशा चुकते, म्हणून प्रत्येक आकड्याला एकक लावून लिहावं. क्रोन प्रति युरो: १५.६४६६. डॉलर प्रति युरो: त्या दिवसाचा संदर्भ दर, समजा ४ जानेवारी १९९९ चा १.१७८९. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ‘प्रति युरो’ दोन्हीकडून कटतं आणि उरतात क्रोन प्रति डॉलर, १३.२७२२. त्याला ४ लितास प्रति डॉलर याने भागलं की डॉलर कटतो आणि उरतात क्रोन प्रति लितास, ३.३१८१. एकक कटत नसेल तर भागाकाराऐवजी गुणाकार हवा होता असं खुशाल समजावं. २६ ऑक्टोबर २००० ला युरो ०.८२५२ डॉलरपर्यंत खाली आला होता. हाच हिशेब केला की ४.७४०२ मिळतात. सुरुवातीची ४३ टक्क्यांची उडी ती हीच.

तिसरा तुकडा २ फेब्रुवारी २००२ ते ३१ डिसेंबर २०१०. दोन्ही चलनं युरोला बांधलेली, म्हणून १५.६४६६ भागिले ३.४५२८, म्हणजे ४.५३१५७ क्रोन प्रति लितास. जवळजवळ नऊ वर्षं आलेखावर सरळ रेषा. जोड बरोबर बसला का ते तपासायचं असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या सूत्रात शेवटच्या दिवसाचा ०.८६३२ घालून पाहा: पुन्हा ४.५३१५७ येतात. दोन तुकडे शिवताना टाका असा जुळला नाही तर एखादी तारीख किंवा एखादं एकक चुकलेलं आहे, हे नक्की.

छापील आकडे या हिशेबाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळतीलच असं नाही. ४ जानेवारी १९९९ साठी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तक्त्यात युरोला ४.७१७ लितास असे आहेत. आपला हिशेब ४ × १.१७८९ म्हणजे ४.७१५६ सांगतो. फरक ०.०३ टक्के. तक्त्यातला आकडा बाजारातल्या भावावरून घेतलेला, आपला कायद्यातल्या दरावरून काढलेला. दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. पण एकाच मालिकेत अर्धे आकडे इकडचे आणि अर्धे तिकडचे मिसळले की जोडाच्या जागी एक छोटी, निरर्थक पायरी उमटते. एकच उगम धरावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

आता चुका. सगळ्यांत कपटी चूक एकूची. युरोच्या आधी एकू नावाचं हिशेबी चलन होतं, युरोपातल्या अनेक चलनांच्या टोपलीवरून मोजलं जाणारं, आणि १ जानेवारी १९९९ ला १ एकूचा १ युरो झाला. त्यामुळे कित्येक डेटासंच १९९९ च्या आधीच्या ‘युरो’च्या रकान्यात बिनदिक्कत एकूचे आकडे भरतात. त्या रकान्यावर १५.६४६६ लावून १९९५ चा क्रोन काढायला गेलात की फसलात. क्रोन मार्कला बांधलेला होता, एकूला नव्हे. एकूच्या टोपलीत पौंड, लिरा, पेसेटा असे मार्कच्या मागे पडत जाणारे गडीही होते. १९९५ मध्ये १ एकू सुमारे १.८७ मार्कचा होता, म्हणजे १५ क्रोनच्या आसपास. १५.६४६६ धरलं तर चार टक्क्यांची चूक, आणि तीही आलेखावर अगदी साळसूद दिसणारी. १९९९ च्या आधी मार्क, नंतर युरो, हा नियम मोडू नये.

दुसरी चूक टक्केवारीची. लितास ३.३१८१ वरून ४.७४०२ वर गेला, वाढ ४३ टक्के. हीच गोष्ट क्रोनच्या बाजूने मांडा: एका क्रोनचे ०.३०१४ लितास होते ते ०.२११० झाले, घट ३० टक्के. घटना एक, आकडे दोन, दोन्ही बरोबर. ‘लितास ४३ टक्क्यांनी वाढला म्हणजे क्रोन ४३ टक्क्यांनी पडला’ हे मात्र साफ चूक. आणि हे वाक्य छापून आलेलं अधूनमधून दिसतं.

सरासरीची चूक याच घराण्यातली. वरच्या दोन दिवसांच्या दरांची सरासरी ४.०२९२ क्रोन प्रति लितास. ती उलटी केली की ०.२४८२. पण उलट्या दरांची सरासरी आधीच काढली तर ०.२५६२ येते. तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला, फक्त आधी उलटं केलं की आधी सरासरी काढली यावरून. वार्षिक सरासरी वापरताना ती कोणत्या दिशेच्या दरांची आहे हे पाहिल्याशिवाय उलटी करू नये. तसंच क्रॉस रेटची सरासरी म्हणजे दोन सरासरींचा भागाकार नव्हे. रोजचा क्रॉस रेट काढून मग सरासरी घ्यावी. संगणकाला तेवढंच काम जास्त.

पूर्णांकनाचं म्हणाल तर लहान किमतीच्या चलनाला दोन दशांश स्थळं पुरत नाहीत. एका क्रोनचे ०.२२ लितास लिहिलं तर दहा लाख क्रोनचे २,२०,००० लितास होतात. ०.२२०६७४ लिहिलं तर २,२०,६७४. म्हणूनच अशा चलनांचा दर पुष्कळदा १० किंवा १०० एककांना छापतात. जुना तक्ता वाचताना चलनाच्या नावाशेजारचा तो बारीक अक्षरातला १० किंवा १०० आधी शोधावा.

सुट्ट्यांचे दिवस सोपे आहेत. शनिवार-रविवारी आणि बँक सुट्टीला संदर्भ दर नसतो, मागच्या कामाच्या दिवसाचा धरायचा. दोन्ही टप्पे त्याच एका दिवसाचे असावेत एवढं पाहावं. एका टप्प्यात शुक्रवार आणि दुसऱ्यात सोमवार असं झालं तर नसलेली चढउतार तयार होते.

प्रत्यक्ष हातात काय पडलं, हा प्रश्न निराळा. वरचे सगळे दर मधले दर आहेत, खरेदी आणि विक्री यांच्या बरोबर मधले. काउंटरवर क्रोन-लितास बदलणाऱ्याला दोनदा कापलं जातं, कारण पायऱ्या दोन. प्रत्येक पायरीला एक टक्का जातो असं धरलं तर ४.५३ चे ४.४४ उरतात. जुन्या पावतीवरचा दर तक्त्याशी जुळत नाही म्हणून तक्ता खोटा ठरवण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

शेजारचा लाटविया तिसऱ्याच वाटेने गेला, आणि त्याच्याशी तुलना केली की खुंटीचं महत्त्व डोळ्यांत भरतं. लाट्स १९९४ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरला बांधलेला होता: ०.७९९७ लाट्स म्हणजे १ एसडीआर. एसडीआर ही डॉलर, मार्क, येन, फ्रँक आणि पौंडाची टोपली, पुढे मार्क-फ्रँकच्या जागी युरो. त्यामुळे लाट्स ना पूर्ण डॉलरबरोबर हलला, ना पूर्ण युरोबरोबर. ४ जानेवारी १९९९ ला युरोचे ०.६६६८ लाट्स, म्हणजे एका लाट्सचे २३.४७ क्रोन. १ जानेवारी २००५ ला लाट्स युरोला बांधला गेला, १ युरो = ०.७०२८०४ लाट्स, म्हणजे २२.२६ क्रोन. या दोन टोकांत फरक जेमतेम पाच टक्के.

पण लाट्सची खुंटी जरा सैल होती. मधल्या दराच्या वर-खाली एक टक्का हलायची मुभा लाटवियाने ठेवली होती आणि बाजार ती मुभा वापरत असे. म्हणून २००५ नंतरचा लाट्स-क्रोन दर २२.०४ ते २२.४९ या पट्ट्यात कुठेही सापडू शकतो. क्रोन-लितासचा दर कोष्टकातून सुटतो, लाट्सचा रोजच्या नोंदीतूनच घ्यावा लागतो. ‘दोन्ही युरोला बांधलेली, मग दर स्थिर’ असं म्हणण्याआधी दोर किती सैल आहे ते विचारावं.

सरळ रेषेवरही फार विसंबू नये. क्रोन-लितासची ४.५३१५७ ची रेषा सांगते की कायदा बदलला नाही. तेवढ्याच पैशांत दोन्हीकडे तेवढंच सामान येत होतं, असं ती सांगत नाही. २००३ मध्ये लिथुआनियात भाव किंचित उतरले, एस्टोनियात किंचित चढले. २००८ मध्ये दोन्हीकडे महागाई दोन आकड्यांत गेली. पगार, भाडं, धान्य यांची तुलना करायची तर दराबरोबर दोन्ही देशांचे किंमत निर्देशांकही हवेत. लोकांच्या मनातली भीतीसुद्धा या रेषेत दिसत नाही. २००९ मध्ये लाट्सचं अवमूल्यन होणार अशी जोरदार चर्चा होती, तरी दर आपल्या पट्ट्यातच राहिला. धसका दिसला तो व्याजदरात. बांधलेल्या चलनाची नाडी पाहायची तर व्याजावर बोट ठेवावं.

ही पद्धत इतर जोड्यांनाही लागू पडते. पश्चिम आफ्रिकेचा सीएफए फ्रँक ६५५.९५७ ला १ युरो, केप व्हर्देचा एस्कुदो ११०.२६५ ला १ युरो, म्हणजे एका एस्कुदोचे ५.९४८९ फ्रँक. पण फ्रँकचा इतिहास मागे नेताना १२ जानेवारी १९९४ ला थांबावं लागतं. त्या दिवशी ५० ऐवजी १०० सीएफए फ्रँकला १ फ्रेंच फ्रँक झाला, एका रात्रीत किंमत निम्मी. काही चलनांनी नोटांवरची शून्यं उडवली आहेत: रुमानियाने १ जुलै २००५ ला चार, बेलारूसने १ जुलै २०१६ ला चार. तिथे आलेख दहा हजारपट कोसळलेला दिसतो आणि घडलेलं मात्र काहीच नसतं. किंमत घटणं वेगळं, शून्यं पुसणं वेगळं. त्या तारखेआधीचे सगळे आकडे १०,००० ने भागल्याशिवाय मालिका जोडू नये.

क्रोन आणि लितास ही नावं जुनीच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही ती चलनं होती, पण आताच्या चलनांशी त्यांचं नातं नावापुरतं. १९२२ चा लितास ०.१५०४६२ ग्रॅम सोन्याचा, म्हणजे १० लितासला १ डॉलर. १९२८ चा क्रोन ०.४०३२२६ ग्रॅम सोन्याचा. भागाकार केला तर एका क्रोनचे २.६८ लितास. म्हणजे तेव्हा क्रोन भारी आणि लितास हलका, नव्वदच्या दशकात बरोबर उलटं. एस्टोनियाने १९३३ मध्ये सोन्याचा दर सोडला, त्यामुळे ही सुवर्णसमता त्यानंतर चालत नाही. या दोन काळांना एका रेषेत जोडणारा आलेख दिसला तर पुढचं पान उलटावं.

शेवट २०११ पासून सुरू होतो. १ जानेवारी २०११ ला एस्टोनियात युरो आला, दोन आठवडे क्रोन सोबतीने चालला आणि १४ जानेवारीला चलनातून गेला. लितास मात्र आणखी चार वर्षं चालला, १ जानेवारी २०१५ पर्यंत. या चार वर्षांत क्रोन-लितास दर मागणाऱ्याला ४.५३१५७ हाच आकडा मिळेल, पण तो जुने करार आणि ठेवी मोजायचा आकडा आहे, बाजारभाव नव्हे. काही डेटासंच आजही क्रोनची मालिका पुढे रेटत डॉलरबरोबर रोज हलवतात. तो युरोच असतो, १५.६४६६ चा सदरा घातलेला.

२०१५ पासून या दोन बंद चलनांतल्या रकमा बदलायची रीतही ठरलेली आहे. युरोपीय नियम ११०३/९७ सांगतो की एका राष्ट्रीय एककातून दुसऱ्यात जाताना आधी युरो करायचा, त्याला किमान तीन दशांश स्थळं ठेवायची आणि उलटा दर वापरायचा नाही. १००० क्रोन घ्या. १५.६४६६ ने भागून ६३.९१२ युरो. त्याला ३.४५२८ ने गुणून २२०.६८ लितास. थेट ०.२२०६७४ ने गुणलं असतं तर २२०.६७ आले असते. एका सेंटासचा, म्हणजे लितासच्या शंभराव्या भागाचा, हा फरक चूक नाही, रीत वेगळी आहे, आणि हिशेबनीसाने पहिलीच रीत धरायची.

जुन्या नोटा दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँका अजून बदलून देतात, मुदत नाही, शुल्क नाही. प्रत्येक बँक फक्त आपल्या नोटा घेते. ५०० क्रोनची नोट तालिनला दिली की ३१.९६ युरो, ५०० लितासची व्हिल्नियसला दिली की १४४.८१.